संपकरी पटकथालेखकांना सामान्य कामगारापेक्षा जास्त मोबदला मिळावा का?

खाडीपलीकडचा (गुहागर)

अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ साली केलेल्या संपाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते. पंख्याखाली बसून संवाद लिहिणाऱ्या माणसाने हातात फलक घेऊन रस्त्यावर उतरावे आणि उन्हातान्हात राबणाऱ्या मजुराच्या कैकपट पैसे मागावेत, हे लोकांना रुचत नाही. ही नाराजी मी समजू शकतो. तरीही संप नेमका कशासाठी होता हे न पाहता ती व्यक्त केली जाते, म्हणून हा धागा काढत आहे.

राइटर्स गिल्ड ऑफ अमेरिका या संघटनेचे सुमारे ११,५०० लेखक २ मे २०२३ रोजी संपावर गेले आणि १४८ दिवसांनी, २७ सप्टेंबरला परतले. समोर स्टुडिओ आणि स्ट्रीमिंग कंपन्यांची एकत्रित संघटना होती. गिल्डच्या हिशेबाप्रमाणे तिच्या मागण्यांची किंमत वर्षाला सुमारे ४२.९ कोटी डॉलर होती, कंपन्यांनी सुरुवातीला देऊ केलेली रक्कम सुमारे ८.६ कोटी डॉलर होती आणि अखेरच्या कराराची किंमत गिल्डने सुमारे २३.३ कोटी डॉलर सांगितली. आकडे ऐकून डोळे विस्फारतात, पण ते हजारो लेखकांत वाटले जाणारे आहेत. शिवाय गिल्डच्याच अहवालानुसार दूरचित्रवाणी मालिकांचे जवळपास निम्मे लेखक करारातील किमान दरावर काम करत होते, आणि दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण एक तृतीयांश होते.

असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या वाहिनीवर एका हंगामात वीस-बावीस भाग असत आणि लेखकाला वर्षातील बरेच आठवडे काम मिळे. स्ट्रीमिंगवर आठ-दहा भागांचे हंगाम आले. त्यातच मालिकेला मंजुरी मिळण्यापूर्वीच चार-पाच लेखकांना थोड्या आठवड्यांसाठी बोलावून सगळी कथा आखून घ्यायची आणि नंतर त्यांना निरोप द्यायचा, अशी प्रथा पडली. आठवड्याचा दर कागदावर भरघोस दिसला, तरी वर्षातून मोजकेच आठवडे काम मिळणाऱ्या माणसाची वार्षिक मिळकत त्या दरावरून कळत नाही.

दुसरा प्रश्न पुनर्वापराच्या मोबदल्याचा होता. मालिका पुन्हा दाखवली की लेखकाला ठरावीक रक्कम मिळते. चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवल्यास लेखकाला वाटा मिळावा, हे १९६० सालच्या संपात मिळवलेले आहे, आणि तो संपही १४८ दिवसच चालला होता. स्ट्रीमिंगवर मात्र ‘पुन्हा दाखवणे’ ही गोष्टच उरली नाही. मालिका कायम तिथेच असते, कोणी किती वेळा पाहिली हे २०२३ पर्यंत कंपनीलाच ठाऊक असे, आणि लेखकाला मिळणारी रक्कम मालिका गाजो वा पडो, तेवढीच राही.

माझ्या मते ‘सामान्य कामगारापेक्षा जास्त मजुरी’ हा या संपाचा विषयच नव्हता. आपल्याला काय वाटते?

काजूगर (वेंगुर्ला)

विषय नव्हता म्हणून प्रश्न सुटत नाही. काजूच्या कारखान्यात गर सोलायला बसणाऱ्या बायकांना मी रोज पाहते. आधी बी फोडायची. त्या टरफलातील तेलाने बोटे काळी पडतात आणि कातडी सोलवटते. मग वाळवलेल्या गरावरची साल काढायची, तीही किलोवर. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता, आणि या बायकांपैकी कित्येकींना तेवढे सुटले तरी दिवस बरा गेला असे वाटते. त्यांनी १४८ दिवस काम बंद ठेवले तर तिसऱ्या आठवड्यात चूल बंद होईल आणि चौथ्या आठवड्यात त्यांच्या जागी दुसऱ्या बसलेल्या असतील.

लेखक संप करू शकले याचाच अर्थ त्यांच्याजवळ थांबण्याइतकी पुंजी किंवा पाठबळ होते. माझा आक्षेप त्यांच्या मागणीला नाही. ‘कष्टकरी’ हा शब्द दोघांना सारखाच लावण्याला आहे. धागाकर्त्यांनी उल्लेख केलेला किमान दर आमच्याकडच्या बाईच्या वर्षाच्या कमाईपुढे किती मोठा आहे, हेही त्यांनी लिहायला हवे होते.

रापणकर (मालवण)

ताई, आपले म्हणणे रास्त आहे, परंतु मजुरी आणि वाटा या दोन गोष्टी एकाच तागडीत घातल्या की चर्चा भरकटते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना रापण सांगायला नको, पण घाटावरचे वाचकही इथे आहेत म्हणून थोडक्यात लिहितो. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत नेतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर राहतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते ओढतात. जाळे वाळूवर आले की मासळी तिथेच, सगळ्यांच्या देखत विकली जाते. आलेल्या पैशाचे वाटे पडतात, होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा निघतो आणि उरलेले ओढणाऱ्यांत जाते. मोठ्या ट्रॉलरवरचा खलाशी मात्र बहुधा पगारावर असतो. मासळी भरपूर लागली म्हणून त्याचा पगार वाढत नाही आणि जाळे रिकामे आले म्हणून तो कापलाही जात नाही.

आता पटकथालेखकाला यातला कोणता म्हणावे? त्याला लिहिण्याचे पैसे ठरावीक मिळतात, म्हणजे तो खलाशी झाला. पुनर्वापराचा मोबदलाही मिळतो, म्हणजे तो रापणकरही झाला. इथेच माझी अडचण आहे. जाळे रिकामे आले तर मी हात झटकून घरी जातो, लेखक मात्र मालिका पडली तरी मूळ रक्कम घेऊन जातो. जोखीम अर्धी आणि वाटा पूर्ण, असे होता कामा नये.

तरीसुद्धा २०२३ च्या करारातील एक कलम मला आमच्या धंद्याच्या रीतीला धरून वाटले. मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीवर आलेली मालिका पहिल्या ९० दिवसांत देशातील २० टक्के वर्गणीदारांइतक्या प्रेक्षकांनी पाहिली, तर लेखकाला ठरलेल्या पुनर्वापर मोबदल्याच्या ५० टक्के जादा मिळतात. म्हणजे मासळी लागली तर वाट्यात फरक पडेल. याआधी तेही नव्हते.

त्याहून मोलाची गोष्ट मला दुसरी वाटते. रापणीत फसवाफसवी कमी होते, कारण वाळूवर पडलेली मासळी ओढणाऱ्या प्रत्येकाला दिसते. बोली उघड्यावर लागते. स्ट्रीमिंग कंपन्या जाळे बंद खोलीत उघडत होत्या आणि मासळी किती ते सांगतच नव्हत्या. आता मालिका एकूण किती तास पाहिली गेली, हे गोपनीयतेच्या अटीवर निदान गिल्डला सांगणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. माझ्या दृष्टीने १४८ दिवसांची ही खरी कमाई आहे. दरवाढ मिळतच राहते, पण मासळी मोजायचा हक्क एकदा गेला की परत मिळवायला पिढी जाते.

लालबाग ते लांजा

संपाचा विषय निघाला आणि १९८२ चे नाव अजून कोणी काढले नाही, याचे नवल वाटते. या किनाऱ्यावरील कितीतरी घरांत गिरणीचा पगार येत होता आणि १८ जानेवारी १९८२ नंतर तो यायचा थांबला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. आमचे वडील गावी आले ते पुन्हा खात्यात उभे राहिले नाहीत.

दोन्ही संपांत फरक काय होता, हे मी बरेच दिवस मनात घोळवत आलो आहे. गिरणी कामगार कमी कष्टाळू नव्हते आणि त्यांची मागणीही अवाजवी नव्हती. फरक कायद्याचा आणि मालाचा होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच संघटनेला दिली होती, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार ज्यांच्या मागे गेले त्यांच्याशी बोलणी करणे मालकांवर बंधनकारक नव्हते. मालाचे म्हणाल तर कापड भिवंडीच्या यंत्रमागावर विणून घेता येत होते. हॉलिवूडमध्ये मान्यता त्याच संघटनेला होती जिच्या हाकेवर लेखक बाहेर पडले, आणि करारात बांधलेल्या कंपन्यांना गिल्डबाहेरच्या लेखकाकडून ते काम करून घेण्याची सोय नव्हती. शिवाय १४ जुलैपासून नटांची संघटनाही संपावर गेली, त्यामुळे लिहून तयार असलेल्या संहितांचेही चित्रीकरण अडले.

तेव्हा लेखकांना मिळाले ते त्यांची योग्यता मोठी म्हणून मिळाले, असे कोणी म्हणू नये. त्यांना अडवता आले म्हणून मिळाले. २०२३ सालीच सप्टेंबरात अमेरिकेतील मोटार कामगार संपावर गेले आणि त्यांनी सुमारे साडेचार वर्षांच्या करारात २५ टक्के वाढ मिळवली. लेखकांच्या किमान दरातील वाढ तीन वर्षांसाठी ५, ४ आणि ३.५ टक्के होती. टक्क्यांतच बोलायचे तर ‘सामान्य’ कामगाराने लेखकापेक्षा जास्त पदरात पाडून घेतले.

पटकथेचा कारकून (देवगड, सध्या मुंबई)

मी रोजच्या मालिकांसाठी लिहितो, त्यामुळे अमेरिकेतील लेखकाच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी आपल्याकडील लेखकाची स्थिती सांगणे मला भाग आहे.

आठवड्याला सहा भाग जातात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी असते आणि प्रत्येकाला भागामागे पैसे मिळतात. भाग प्रसारित झाला की बिल लावायचे आणि नव्वद दिवस थांबायचे. वाहिनीने अचानक कथेला वळण द्यायला सांगितले तर लिहून झालेले चार भाग टाकून द्यावे लागतात, त्यांचे पैसे मागायला गेलो तर ‘प्रसारित कुठे झाले?’ असे विचारले जाते. माझ्या एका मालिकेवरून दुसऱ्या भाषेत मालिका झाली. मला ती जाहिरातीतून कळली. त्या निर्मात्याचा माझ्याशी झालेला करार नऊ पानांचा होता आणि त्यात माझ्या बाजूचा मजकूर अर्ध्या पानाचा होता.

कायदा आपल्याकडे नाही, असे मात्र नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिचा पाठपुरावा केला होता. चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीचा किंवा संगीताचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाला, तर रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा लेखकाचा हक्क त्याला सोडून देता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. करारात सही करून घेतली तरी तो जात नाही. गीतकार आणि संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था अशी वसुली करते. पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्यांच्या खात्यात या कलमामुळे पैसे पडल्याचे मी अजून माझ्या पासबुकात पाहिलेले नाही.

अमेरिकेत याच्या उलट आहे, आणि ही गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. तिथला पटकथालेखक आपल्या संहितेचा मालक नसतो, कायद्याने स्टुडिओच तिचा कर्ता ठरतो. लेखक नोकर ठरतो, आणि नोकर ठरतो म्हणूनच त्याला संघटना करून सामूहिक करार करता येतो. तिथल्या नाटककाराजवळ मात्र त्याच्या नाटकाचा कॉपीराइट असतो, त्यामुळे तो स्वतंत्र व्यावसायिक ठरतो आणि त्याच्या संघटनेला कामगार संघटनेसारखा संप पुकारता येत नाही. पुनर्वापराचा मोबदला हे मालकी सोडल्याचे मोल आहे. रापणकर काका, आपली ‘अर्धी जोखीम’ मला मान्य आहे, पण तो माणूस जाळ्यावरचा हक्क आधीच लिहून देऊन बसलेला आहे, हेही त्या हिशेबात धरावे.

आणखी एक. संहिता यंत्राकडून लिहून घेऊन ‘फक्त जरा माणसासारखी करा’ असे सांगण्याचा प्रकार मुंबईतही सुरू झाला आहे, आणि त्याला दर निम्मा सांगतात. खरे तर असली संहिता सुधारण्यापेक्षा नवी लिहिणे सोपे जाते. अमेरिकेतील करारानुसार यंत्राने तयार केलेला मजकूर साहित्य म्हणून धरला जात नाही, लेखकावर त्याचा वापर सक्तीचा करता येत नाही आणि असा मजकूर हाती दिला तर तसे सांगावे लागते. आमच्याकडे कोण सांगतो?

जनरेटरवाला (अलिबाग)

आमच्या बाजूला समुद्रकिनाऱ्यावर आणि वाड्यांतून चित्रीकरणे होतात, मी तिथे वीज पुरवतो. लेखक मी आजवर सेटवर पाहिलेला नाही. पहाटे चारला केबल ओढणारा, ट्रॉली ढकलणारा, खोटी भिंत उभी करणारा सुतार, यांच्यावाचून एकही भाग होत नाही. मग मालिका पुन्हा दाखवल्यावर लेखकाला पैसे आणि सुताराला काहीच नाही, हे कोणत्या न्यायाने? आणि त्या १४८ दिवसांत अमेरिकेतील असे सगळे कामगार घरी बसले होते. त्यांनी संप केलेला नव्हता.

वाट्याच्या भांडणाचे म्हणाल तर आमच्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या होत्या. त्या संपाचे नेते नारायण नागू पाटलांचे नाव इथे लहान पोरालाही माहीत आहे. त्यांचे भांडण पिकवलेल्या भाताच्या वाट्याचे होते, तेव्हा वाट्यासाठी अडून बसणे मला कोणी शिकवायला नको. पण तिथे नांगर धरणारे सगळे एका बाजूला होते. इथे एक नांगरवाला वाटा मागतो आणि बाकीचे रोजावर.

खाडीपलीकडचा (गुहागर)

जनरेटरवाले दादा, आपला आक्षेप या धाग्यावरील सर्वांत अवघड आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

हॉलिवूडमधील सुतार, प्रकाशयोजनेचे कामगार, वेशभूषेचे लोक यांची आयएटीएसई नावाची संघटना आहे. पुनर्वापराचा पैसा त्यांच्या नावाने निघतच नाही असे नाही, तो त्यांच्या निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीत जमा होतो. लेखकाला पाकिटात धनादेश मिळतो आणि सुताराला म्हातारपणी पेन्शन व आजारपणात इलाज. यात कोणाचे भले जास्त झाले, याचे उत्तर मला सरळ वाटत नाही. काम नियमित मिळणाऱ्या सुतारासाठी निधी बरा, आणि वर्षातून दहा आठवडे काम मिळणाऱ्या लेखकासाठी धनादेश बरा, कारण पुढचे काम मिळेपर्यंतचे भाडे त्यावर निघते.

घरी बसलेल्यांविषयी मात्र आपण म्हणता ते पूर्ण खरे आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. संपकऱ्यांना बेकारभत्ता देण्याचे विधेयक २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केले होते, गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवले. न्यूयॉर्कमध्ये तशी तरतूद आधीपासून होती, २०२३ साली तिथे संप सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी भत्ता लागू होई. म्हणजे एकाच संपातील न्यूयॉर्कच्या लेखकाला आधार मिळाला आणि लॉस एंजेलिसच्या लेखकाला मिळाला नाही. ज्या सुताराने संप पुकारला नाही आणि ज्याला त्याचा थेट लाभही नव्हता, त्याचा त्या पाच महिन्यांचा तोटा त्या करारात कोणी भरून दिला नाही.

काजूगर ताई, पुंजीविषयी एवढेच म्हणतो की नावाजलेल्या लेखकांजवळ ती होती, नवख्यांजवळ नव्हती. गाड्या चालवून, मुलांना शिकवून दिवस काढणारे त्यांत होते. तरी आपल्याकडच्या बाईपेक्षा त्यांची स्थिती बरी होती, हे मी नाकारत नाही.

तिसरी घंटा (रत्नागिरी)

थोडे आपल्या अंगणात पाहू. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचे तर लेखकाचे परवानगीपत्र जोडावे लागते, म्हणून तिथे त्याला विचारले जाते आणि बहुतेक मंडळे मानधनही देतात. तेच नाटक नंतर गणपतीत किंवा जत्रेत गावच्या मंचावर होते तेव्हा लेखकाचे नाव पत्रिकेवर असले तरी पुष्कळ समजा. मी अशा मंडळांचे जमाखर्च पाहिले आहेत. मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, रंगभूषाकाराचे, चहा-वड्यांचे पैसे लिहिलेले असतात. लेखकाच्या नावाची ओळच नसते. कोणी विचारले तर ‘आम्ही कुठे धंदा करतो?’ हे उत्तर तयार असते, आणि तिकीट नसते हेही खरेच. पण मंडपवालासुद्धा हौशीसाठी मंडप फुकट घालत नाही.

लेखकाला मजुरापेक्षा जास्त द्यावे की नाही, यावर वाद घालणाऱ्या गावाने आधी त्याला मंडपवाल्याच्या पंक्तीला बसवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

रापणकर (मालवण)

पटकथेचे कारकून, जाळ्यावरचा हक्क लिहून दिल्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. जाळे ज्याचे, त्याचा वाटा वेगळा निघतो, ही आमचीच रीत. जाळे दिले आणि वाटा सोडला असे आमच्याकडे कोणी करत नाही. तेव्हा किमान दर आणि वाटा दोन्ही मागण्यात लबाडी नाही, इतपत मी मान्य करतो. वाटा किती, यावर मात्र मी अजून आपल्या बाजूला आलेलो नाही.

काजूगर (वेंगुर्ला)

सगळे वाचले. वाट्याची गोष्ट मला पटली, आणि पटली म्हणूनच ती लेखकापाशी का थांबावी, हे कळत नाही.

अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात किती अंतर असते, हे इथल्या कोणालाही दुकानात जाऊन पाहता येईल. ३२० नंबरचा अख्खा गर वेगळ्या डब्यात जातो आणि तुकडा मिठाईवाल्याकडे. बी कशी भाजली, कशी वाळवली याला महत्त्व आहेच, पण शेवटी गर अख्खा निघतो तो फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बाईच्या हातावर. पात्याचा दाब थोडा जास्त झाला की दोन पाकळ्या होतात. तुकडा जास्त निघाला तर तिला बोलणी खावी लागतात, कुठे कुठे पैसेही कापतात. मग अख्ख्या गराचा भाव वाढला, तर त्या वाढीतला हिस्सा तिला का मिळू नये? लेखकाचा संवाद लोकांना आवडला म्हणून मालिका चालते, हे जसे मोजता येते, तसे एका बाईने दिवसात किती किलो अख्खा गर काढला हे तर तराजूवरच मोजलेले असते. त्यासाठी कोणत्या कंपनीकडे गोपनीय आकडे मागायला नकोत.

रापणकर काकांना हिशेबाची सवय आहे. कारखान्याचे यंत्र आणि जागा यांचा वाटा बाजूला काढून, किलोमागे सोलणारीचा वाटा कसा बसवायचा, हे त्यांनी इथे मांडून दाखवावे. आमच्याकडील दोन-तीन जणींना मी तो वाचून दाखवीन, त्यांना पटतो का ते विचारीन आणि त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीन.